पेस्ट कंट्रोलचं लायसन्स काढताय? आधी कुठल्या ऑफिसात जायचं ते बघा

गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी) हातात आला, कार्डं छापली, दोन पंप घेतले, आणि पहिल्याच मोठ्या कामाला सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणाले, कृषी खात्याचं लायसन्स दाखव. मी हसलो. म्हटलं काका, मी शेतात फवारणी नाही करत, झुरळं मारतो. काका काही हसले नाहीत. त्यांनी कपाटातून फाईल काढली, आधीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याच्या लायसन्सची झेरॉक्स समोर ठेवली, आणि खरंच त्यावर कृषी विभागाचा शिक्का होता. ते काम गेलं.

त्याआधी दोन महिने मी महापालिकेच्या चकरा मारत होतो, कारण मला कोणीतरी सांगितलेलं की औषध मारायचं म्हणजे आरोग्य खातं, आणि आरोग्य खातं म्हणजे पालिका. वॉर्ड ऑफिसात या टेबलावरून त्या टेबलावर. कोणी वाईट वागलं असं नाही, पण हे आमच्याकडे येत नाही एवढं एक वाक्य बोलायलाही कोणी तयार नव्हतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. महाराष्ट्रात हा धंदा नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी आहे, पण ज्यांना नुसतं घरी किंवा हॉटेलात पेस्ट कंट्रोल करून घ्यायचंय त्यांनी पहिला, सातवा आणि आठवा मुद्दा तरी वाचा.

कृषी खातंच का, तर कायदा एकच आहे. कीटकनाशके अधिनियम १९६८ आणि त्याखालचे कीटकनाशके नियम १९७१. औषध कपाशीवर मारा नाहीतर किचनच्या ट्रॉलीमागे मारा, कायद्याला ते कीटकनाशकच. आणि पैसे घेऊन कीड नियंत्रणाचं काम करायचं तर त्याच कायद्याच्या कलम १३ खाली परवाना लागतो, जो आपल्याकडे राज्याचा कृषी विभाग देतो. पालिकेचा कीटकनाशक विभाग असतो तो डासांच्या अळ्या, धूरफवारणी, उंदीर मारणं ही स्वतःची कामं करतो, तुम्हाला लायसन्स देणं हे त्याचं काम नाही.

१. मुळात परवाना लागतो का ते बघा

स्वतःच्या घरात स्वतः औषध मारत असाल तर नाही लागत. कलम ३८ मध्ये साफ लिहिलंय की स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी वापर केला तर हा कायदा लागू नाही. म्हणजे दुकानातून झुरळांचं जेल (लेपासारखं औषध) आणून ओट्याखाली लावलं तर कोणी काही विचारणार नाही.

पण ही सूट घरच्या माणसाला आहे, पंप घेऊन येणाऱ्याला नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाचशे रुपये घेऊन ढेकणाचं औषध मारलंत की तो धंदा झाला. लोक म्हणतात अरे छोटं काम आहे, एकच रूम आहे, पण छोट्या कामाला सूट असं कुठेही लिहिलेलं नाही. मी स्वतः पहिले चार महिने असंच केलंय, आता सांगायला लाज वाटते पण केलंय.

हॉटेल, कॅन्टीन, बेकरी, हॉस्पिटल यांना पेस्ट कंट्रोल करून घ्यायला वेगळा परवाना काढायचा नसतो, त्यांनी फक्त परवानाधारक माणूस बोलवायचा आणि त्याचे कागद जपून ठेवायचे.

आणि साप, वटवाघूळ, माकड, उदमांजर यासाठी फोन आला तर हात लावू नका. तो वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा विषय आहे, वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर कस्टमरला द्या आणि मोकळे व्हा.

२. शिक्षण आणि पंधरा दिवसांचं ट्रेनिंग

इथेच बहुतेकांची गाडी अडते. नियम असा आहे की पेस्ट कंट्रोल करणारा स्वतः किंवा त्याच्याकडचा तांत्रिक माणूस कृषी पदवीधर पाहिजे, नाहीतर केमिस्ट्री विषय घेऊन सायन्सचा पदवीधर पाहिजे, आणि वर मान्य संस्थेतून कमीत कमी १५ दिवसांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पाहिजे. संस्था म्हणजे हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था, जिला सगळे एनआयपीएचएम म्हणतात, म्हैसूरची अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सीएफटीआरआय, आणि उत्तर प्रदेशात हापूडला असलेली धान्य साठवण संस्था. बॅच रोज रोज नसतात, त्यामुळे धंदा कधी सुरू करायचा ते ठरवायच्या आधी ट्रेनिंगची तारीख कधी मिळते ते बघा, उलटं करू नका.

माझं स्वतःचं बी.कॉम. त्यामुळे मी बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या एका मित्रालाच पार्टनर घेतलं आणि त्याला ट्रेनिंगला पाठवलं. तुम्ही माणूस नोकरीवरही ठेवू शकता, पण तो खरंच कामावर पाहिजे. सर्टिफिकेट भाड्याने देणारे लोक आहेत, महिन्याचे ठराविक पैसे घेतात आणि कधी साइटवर तोंड दाखवत नाहीत. तपासणीला अधिकारी आले आणि म्हणाले बोलवा तुमच्या तांत्रिक माणसाला, तर तो दुसऱ्या राज्यात बसलेला. आणि उद्या कोणाला विषबाधा झाली तर निस्तरायचं तुम्हालाच.

एक मोठा घोळ इथेच सांगतो. कीटकनाशक विकणाऱ्या दुकानदारांसाठीही कोर्स असतो आणि त्यांचाही परवाना कृषी विभागच देतो. तो कोर्स वेगळा, तो परवाना वेगळा. मला एका एजंटाने आठ हजार घेऊन सगळं करून देतो म्हणून सांगितलं आणि अर्ज भरला तो विक्रीच्या परवान्याचा! पैसे गेले ते गेलेच. अर्ज भरताना व्यावसायिक कीड नियंत्रण हे शब्द डोळ्यांनी बघून घ्या.

३. कागदपत्रं

मला लागलेले कागद देतोय, तुमच्या जिल्ह्यात एखादा कमीजास्त होईल, पण एवढे तयार असले की धावपळ होत नाही:

- अर्जदाराचं आधार, पॅन, फोटो, आणि पार्टनरशिप असेल तर करारनामा
- ऑफिस आणि औषध ठेवायच्या जागेचा पुरावा, भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र
- तांत्रिक माणसाचं पदवी प्रमाणपत्र, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट
- त्याचं नेमणूकपत्र आणि मी या फर्ममध्ये काम करतो असं त्याच्या सहीचं पत्र
- कुठली औषधं वापरणार त्याची यादी
- पंप, ड्रिल, मास्क, हातमोजे वगैरे साहित्याची यादी
- साठवणीच्या जागेचा साधा नकाशा
- गुमास्ता
- फी भरल्याची पावती

यात मार्कशीटवर बोट ठेवतोय कारण माझा अर्ज तिथेच परत आला. पदवी प्रमाणपत्रावर नुसतं विज्ञान स्नातक लिहिलेलं असतं, केमिस्ट्री होती का हे त्यावरून कळत नाही, आणि मी मार्कशीट जोडलीच नव्हती. त्यात मित्राच्या आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि पदवीवर नुसतं आद्याक्षर, मग त्यासाठी प्रतिज्ञापत्र करा, परत स्कॅन करा, परत अपलोड करा. एकवीस दिवस या एका गोष्टीत गेले. नावं आधी जुळवून घ्या.

४. औषध ठेवायची जागा

लोकांना वाटतं मोठं गोडाऊन लागेल. तसं नाही. नियम ३६ प्रमाणे कीटकनाशक दुसऱ्या सामानापासून लांब वेगळ्या खोलीत ठेवायचं, किंवा माल थोडा असेल तर कुलूपबंद कपाटात. खोली पक्की, कोरडी, उजेडाची, हवा खेळती राहील अशी पाहिजे. मी एक छोटा गाळा घेतला, त्यात लोखंडी कपाट, कुलूप, बाहेर धोक्याची पाटी, वाळूची बादली, फर्स्ट एड बॉक्स, हात धुवायला नळ. झालं.

घरातल्या बाल्कनीत किंवा जिन्याखाली ठेवायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या. मंजुरीचं सोडा, घरात पोरं असतात.

५. अर्ज, क्वेरी आणि तपासणी

सुरुवात जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून करा. तिथे गुणनियंत्रण बघणारे लोक असतात, त्यांना जाऊन सरळ विचारा की व्यावसायिक कीड नियंत्रणाचा परवाना हवाय, अर्ज कुठल्या पोर्टलवर, फी किती, सही कोणाची. हे विचारायला एजंट लागत नाही. फीचे आकडे मी मुद्दाम लिहित नाही, बदलत राहतात, चलन निघेल त्यावर असेल तेच खरं.

अर्ज टाकला की विसरून जाऊ नका. क्वेरी, म्हणजे ऑफिसने अर्जात काढलेली त्रुटी, आली की मेसेज येईलच असं नाही, आठवड्यातून दोनदा लॉगिन करून बघायचं. माझी पहिली क्वेरी नऊ दिवस तशीच पडून होती आणि मी मस्त वाट बघत बसलेलो.

तपासणीला येतात तेव्हा फार काही कठीण विचारत नाहीत. कपाट उघडायला लावतात, मास्क नुसते पॅकेटमध्ये आहेत की वापरायचे आहेत ते बघतात, आणि तांत्रिक माणसाला दोनचार प्रश्न. आमच्या मित्राला विचारलं औषधाच्या लेबलवरचा लाल त्रिकोण म्हणजे काय, आणि त्याला आलं म्हणून आमचं निभावलं.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. कलम १५ खाली ३० दिवसांत अपील करता येतं, पण तोंडी नकारावर अपील कसलं करणार.

आणि परवाना ज्या जागेचा त्या जागेचाच असतो. दुसऱ्या शहरात ब्रँच काढायची असेल तर आधी तिथल्या परवान्याचं विचारा, मग बोर्ड लावा.

६. औषध घेताना

बिलाशिवाय एक बाटलीही घेऊ नका. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी आहे का बघा आणि तेच स्टॉक रजिस्टरमध्ये उतरवा, आलं किती, वापरलं किती, कुठे वापरलं. कंटाळवाणं काम आहे, पण तपासणीत पहिलं तेच रजिस्टर मागतात.

लेबल वाचायला शिका. फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीकडे नोंदणी झालेलंच औषध वापरायचं, त्याचा नोंदणी क्रमांक लेबलवर असतो. त्रिकोणाचे रंग पाठच करा: लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा त्याच्या खाली, निळा मध्यम, हिरवा सगळ्यात सौम्य. आणि मुख्य म्हणजे ते औषध कुठे वापरायला मंजूर आहे ते वाचा. नाव तेच असलं तरी शेतीसाठीचं वेगळं आणि घरासाठीचं वेगळं असू शकतं, शेतीचं स्वस्त पडतं म्हणून बेडरूममध्ये मारणारे महाभाग मी पाहिलेत. त्याचा वास चार दिवस जात नाही आणि कस्टमरला वाटतं वा काय स्ट्राँग औषध आहे.

उरलेलं औषध कस्टमरला बाटलीत काढून देऊ नका, कितीही मागितलं तरी. एक तर ती विक्री झाली, जिचा परवाना तुमच्याकडे नाही. दुसरं, ती बाटली कोल्ड्रिंकची असते. आमच्या एका पोराने मुंग्यांचं औषध असंच बाटलीत काढून गाडीच्या डिकीत ठेवलेलं आणि दुपारी दुसरा पोरगा तहान लागली म्हणून झाकण उघडत होता. वासाने वाचला. त्या दिवसापासून आमच्याकडे रिकामी पाण्याची बाटलीसुद्धा कामाच्या पिशवीत चालत नाही.

७. धुरीच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड

हा वेगळा मुद्दा केला कारण यात माणसं मेलीत. धान्याला लावायच्या तीन तीन ग्रॅमच्या गोळ्या असतात, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो, आणि त्यावर उतारा नाही. साधा पेस्ट कंट्रोलचा परवाना आहे म्हणून या गोळ्या वापरता येत नाहीत. ॲल्युमिनियम फॉस्फाइड आणि मिथाइल ब्रोमाइड साठवायला आणि वापरायला केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची वेगळी मान्यता लागते. ते गोदामं, कंटेनर, एक्स्पोर्टवाल्यांचं काम आहे, नव्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये असं माझं मत.

राहत्या घरात ढेकणांसाठी गोळ्या टाकून दार बंद करतो असं कोणी म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. वायू फटीतून, डक्टमधून शेजारच्या फ्लॅटमध्ये जातो, आणि शेजाऱ्याला माहीतही नसतं की भिंतीपलीकडे काय चाललंय.

८. प्रत्यक्ष काम करताना

सोसायटीत जाताना परवान्याची झेरॉक्स, येणाऱ्या माणसांची ओळखपत्रं आणि औषधांची नावं लिहिलेलं पत्र आदल्या दिवशी सेक्रेटरीकडे द्या. कायद्याने मागितलंय म्हणून नाही, पण गेटवर वॉचमनशी घातली जाणारी अर्धा तासाची हुज्जत वाचते. शेजारच्या दोन घरांना सांगा, लहान बाळ, दमेकरी, फिशटँक, पिंजऱ्यातले पक्षी कुठे आहेत विचारा. मासे तर फारच पटकन जातात, आमच्याकडून एकदा एका काकूंचे सगळे गेले होते आणि पंप बंद करायला विसरलो ही चूक आमचीच होती. फिशटँकचा हवेचा पंप खोलीतली हवा पाण्यात ओढतो, तो बंद करून टँक नीट झाकायचा.

कामाच्या माणसांना मास्क, हातमोजे, बूट देणं ही तुमची जबाबदारी आहे, नियमांत आहे ते, आणि कामाला लावण्याआधी आणि नंतरही ठराविक काळाने डॉक्टरी तपासणी करायची असते. पोरं उन्हाळ्यात मास्क काढतात. मी ओरडून थकलो, मग एकाला कामावरून दोन दिवस घरी बसवलं तेव्हा बाकीच्यांनी घालायला सुरुवात केली.

वाळवीच्या कामाबद्दल थोडं सविस्तर, कारण फसवाफसवी सगळ्यात जास्त तिथे आहे. यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याचा दुसरा भाग बांधकामाआधीच्या ट्रीटमेंटचा, तिसरा उभ्या इमारतीचा. उभ्या इमारतीत भिंत आणि फरशी जुळते तिथे साधारण ३०० मिमीवर, म्हणजे फूटभर अंतराने, १२ मिमीची भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात १ लिटर द्रावण सोडायचं. आता हिशोब करा. दहा बाय दहाची खोली म्हणजे चाळीस फूट भिंत, चाळीसेक भोकं, चाळीस लिटर. आणि समोरचा माणूस पाच लिटरचा पंप घेऊन अख्खा टू बीएचके करून जातो आणि वर पाच वर्षांची गॅरंटी देतो. कस्टमर असाल तर ड्रम कुठाय एवढंच विचारा.

हॉटेल आणि खाण्याच्या धंद्याचं काम घेतलंत तर कागद जास्त लागतात. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, परवाना नियमांतल्या अनुसूची ४ मध्ये कीड नियंत्रणाच्या अटी आहेत, त्यामुळे अन्न निरीक्षक आला की हॉटेलवाला तुम्हाला फोन करणार. प्रत्येक व्हिजिटचा रिपोर्ट द्या: तारीख, कुठलं औषध, किती प्रमाण, कुठे मारलं, कोणी मारलं, पुढची तारीख. उंदरांचे बॉक्स कुठे ठेवलेत त्याचा नकाशा नंबर टाकून द्या. आणि अन्न उघडं असताना फवारणी नाही म्हणजे नाही, मालक म्हणाला तरी नाही, रात्री किचन बंद झाल्यावर या. किचनमध्ये शक्यतो जेलच, फवारणी कमी.

कोणाच्या पोटात गेलं, चक्कर आली, तर उलटी करायला लावत बसू नका. १०८ ला फोन, आणि बाटलीचं लेबल सोबत घेऊन हॉस्पिटल, कारण डॉक्टरला औषधाचं नाव कळलं तरच पुढचे उपचार नीट ठरतात. दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, हा नंबर आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या खाली छापलेला असतो.

९. बाकीचे कागद

गुमास्ता आधी सांगितलाच, माणसं कमी असतील तर नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट उघडली तर समजा चुकीच्या ठिकाणी आलात. जीएसटी सेवेच्या धंद्याला आपल्याकडे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागतो, दर १८ टक्के. शेतमालाच्या गोदामातल्या धुरीला आधी जीएसटी माफ होता, तो जुलै २०२२ पासून लागू झालाय, जुनी माणसं अजून माफच सांगतात. कंपन्यांची कामं हवी असतील तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नंबर घ्यावा लागतो, ते लोक त्याशिवाय कोटेशन बघत नाहीत.

१०. रिकामे डबे

हे कोणीच सांगत नाही. औषधाचे रिकामे डबे परत वापरात येऊ नयेत अशी विल्हेवाट लावायची असते, नियम ४४. भंगारवाल्याला विकायचे नाहीत, उघड्यावर टाकायचे नाहीत, धुतलेलं पाणी गटारात, विहिरीजवळ ओतायचं नाही. आम्ही डबा तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओततो, म्हणजे औषधही वाया जात नाही, आणि मग डब्याच्या तळाला ड्रिलने दोन भोकं पाडतो. सुरुवातीला भोकं पाडत नव्हतो. गाळ्याच्या मागे ठेवलेला पाच लिटरचा एक पांढरा कॅन एक दिवस गायब झाला, आणि आठवड्याने चहाच्या टपरीवर दिसला, पाणी भरून ठेवलेला, लेबल खरवडलेलं. तो मी दीडशे रुपये देऊन परत घेतला.